मोठ्या अक्षरांचे शनिवार

तीस वर्षं मी मुंबईतल्या एका छापखान्यात प्रूफं वाचली. शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक, आरत्यांचे संग्रह, सहकारी बँकांचे अहवाल, जे येईल ते. एका आरतीत ‘भक्त’चा ‘भात’ झाला होता आणि तो तीन जणांच्या नजरेतून निसटून माझ्या हाती लागला होता, ही गोष्ट आमच्याकडे पाहुणे आले की आमचे हे अजून सांगतात. मला माझ्या नजरेचा गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग मधुमेहाने दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना धरलं. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग शब्दांच्या मधोमध डाग. इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, “आहे ती नजर टिकवू.” म्हणजे गेलेली येणार नव्हती. मी काम सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं की भाईंदरहून रोज जाण्यायेण्याचा कंटाळा आला. छापखान्यात खरं कारण फक्त मालकांना माहीत होतं. बिल्डिंगमध्ये तर कुणालाच नाही. जिन्यात कुणी समोरून हसलं आणि मला चेहरा ओळखू आला नाही, तरी मी हसून घ्यायचे.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या एका बाईंनी मला कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करायला शिकवलं होतं. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि अधिकचं चिन्ह दाबत राहायचं. अक्षरं दुप्पट झाली की मला वाचता यायचं. दुपारी दार लावून मी तशी वाचत बसायचे, कुणी बघू नये म्हणून.

आमच्या वरच्या मजल्यावर नांदेडकडचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी तिशीची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. ती एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, “काकू, तुम्ही छापखान्यात होतात ना? शनिवारी दुपारी खाली सोसायटीच्या ऑफिसमध्ये याल? आम्ही पाच-सहा जण वेबसाइटी तपासतो. मराठी नीट वाचणारं आमच्यात कुणी नाही.”

“कशासाठी तपासता?”

तिने समजावलं ते असं. इंटरनेट बघायला जो ब्राउझर लागतो, त्यातला एक असा आहे की तो जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि त्याची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, सुधारता येते. पण बऱ्याच वेबसाइटी बनवणारे फक्त दुसऱ्या, जास्त चालणाऱ्या ब्राउझरमध्ये बघून मोकळे होतात. मग या ब्राउझरमध्ये कुठे फॉर्म अडकतो, कुठे चित्रच येत नाही. अशा जागा शोधून ब्राउझरवाल्यांच्या तक्रारींच्या पानावर कळवायच्या, म्हणजे बनवणारे दुरुस्त करतात. पैसे कुणालाच मिळत नाहीत.

“आठवडाभर तेच करतेस आणि सुट्टीच्या दिवशीही तेच?” मी विचारलं.

ती म्हणाली, “माझे बाबा नांदेडला विहारातल्या वाचनालयात बसून शिकले, काकू. ती पुस्तकं कोणी आणून ठेवली, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण कुणीतरी ठेवली होतीच ना.”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. निघालं ते ‘येते’ असंच.

सोसायटीच्या ऑफिसात एक लांब टेबल आणि मीटिंगच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. एक गुजराती काका होते, निवृत्त शिक्षक. ते गुजराती वेबसाइटी बघायचे आणि सगळ्यांशी हिंदीत बोलायचे. बाकी कॉलेजच्या दोन मुली आणि एक नर्स. मी माझा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातली, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची धरली. माझा स्क्रीन कुणाला दिसणार नाही अशी.

माझी पहिली तक्रार आठवली की अजून हसू येतं. एका मराठी बातम्यांच्या वेबसाइटबद्दल मी इंग्रजीत लिहिलं, ‘हे पान फार वाईट दिसते, कृपया लक्ष द्यावे.’ दोन दिवसांत उत्तर आलं की माहिती अपुरी असल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. मला राग आला. शनिवारी मी वरच्या मजल्यावरच्या मुलीला म्हटलं, “एवढं सांगूनही कळत नाही त्यांना?”

तिने ते वाचलं आणि विचारलं, “काकू, प्रूफावर तुम्ही ‘हे पान वाईट आहे’ असं लिहायचात?”

प्रूफावर मी कुठली ओळ, कुठला शब्द, काय छापलंय आणि काय हवं, हे समासात खूण करून दाखवायचे. अक्षरं जुळवणारा कंपोझिटर माझं मन वाचेल अशी अपेक्षा कधीच नव्हती. मग मी वहीत तीन ओळी लिहून ठेवल्या: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यानंतर माझी एकही तक्रार अपुरी म्हणून परत आली नाही. कुठे जोडाक्षर फुटलेलं, कुठे ‘र्‍या’ अर्धा कापलेला, कुठे वेलांटी पुढच्या अक्षरावर चढलेली. मला वाटलं होतं, माझ्यातलं हे सगळं संपलं. ते संपलं नव्हतं, फक्त त्याला मोठा टाइप लागत होता.

पण मी अक्षरं मोठी करून बघते, हे मी तक्रारीत कधीच लिहीत नव्हते. टेबलावरही कुणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे जवळच्या मुर्धा गावाहून एक मासेवाली येते. बुधवारी आणि रविवारी, टोपली घेऊन. पंधरा वर्षं ओळख. एका बुधवारी टोपली खाली ठेवण्याआधीच तिने मोबाइल पुढे केला. तिच्या नवऱ्याचे गुडघे गेले होते, जाळी ओढून ओढून. एका हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांची तारीख आता फक्त वेबसाइटवर मिळत होती.

“बाय, सगला भरलाय,” ती म्हणाली. “नाव हाय, वय हाय, सगला हाय. पन फुडं जायला बटनच न्हाय.”

मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तिच्या मोबाइलवरची अक्षरं चांगली ठसठशीत होती.

“एवढी मोठी अक्षरं कुणी करून दिली?”

“पोरीनं. माजे डोले बारीक अक्सर बघत न्हाय आता. का, बरी न्हाय दिसत?”

“दिसतात की,” मी म्हटलं.

मोबाइलमध्ये ब्राउझर तोच होता, आम्ही तपासायचो तो. फॉर्म खरंच पूर्ण भरलेला होता. खाली हॉस्पिटलच्या फोन नंबरांची एक निळी पट्टी चिकटून बसली होती आणि त्याच्यापुढे पान सरकतच नव्हतं. मी माझा लॅपटॉप उघडला, तीच वेबसाइट काढली. तिथेही बटण नाही. मी तिला दारातच थांबायला सांगितलं आणि वर जाऊन त्या मुलीला बोलावलं. त्या दिवशी ती घरून काम करत होती. तिने स्वतःच्या लॅपटॉपवर तीच वेबसाइट, त्याच ब्राउझरमध्ये उघडली. ‘पुढे’ असं लिहिलेलं हिरवं बटण व्यवस्थित समोर होतं. तिने तिथूनच फॉर्म भरला आणि मासेवालीला सोमवारची तारीख मिळाली.

तारीख मिळाली, पण बटण गेलं कुठे, हे आम्हाला कळेना. मी त्याच दुपारी तक्रार लिहिली, पायरीपायरीने. दुसऱ्या दिवशी ब्राउझरचं काम करणाऱ्या, परदेशातल्या एका इंजिनिअरचं उत्तर आलं. त्याने सगळ्या पायऱ्या केल्या होत्या. त्याला बटण दिसत होतं. ‘तुमच्याकडे काही वेगळं आहे का?’ असं त्याने अगदी नम्रपणे विचारलं होतं.

वेगळं काय आहे, ते मला त्या क्षणी समजलं. मी कंट्रोल धरून वजाचं चिन्ह दाबत गेले. अक्षरं लहान होत होत मुंगीएवढी झाली आणि निळ्या पट्टीच्या वर काहीतरी हिरवं उगवलं. पुन्हा मोठी केली; ते पट्टीखाली गेलं. दुसऱ्या ब्राउझरमध्ये मोठ्या अक्षरांतही बटण जागेवर राहत होतं.

कारण सापडलं होतं. आता एकच वाक्य लिहायचं होतं, आणि ते मी अख्खा दिवस लिहिलं नाही. त्या तक्रारी कुणालाही वाचता येतात. आमच्या टेबलावरची पाचही माणसं वाचणार होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवणाऱ्या बाईने आपल्याला नीट दिसत नाही, हे जगासमोर कसं लिहायचं? ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, “मासेवालीने तुला दारात उभं राहून सांगितलं ना, डोळे बारीक अक्षर बघत नाहीत म्हणून? तिचं काय बिघडलं?”

शुक्रवारी सकाळी मी लिहिलं: ‘माझी नजर अधू आहे. मी अक्षरं दुप्पट मोठी करून वाचते. माझ्या ओळखीच्या एक मासे विकणाऱ्या बाई आहेत, त्याही मोठी अक्षरं ठेवतात. आम्हा दोघींना बटण दिसत नाही.’ वाचून पाहिलं आणि पाठवलं.

संध्याकाळी त्या इंजिनिअरचं उत्तर आलं. आता त्याला दिसलं होतं. अक्षरांबरोबर ती पट्टी वाढत होती, पण पानाला तेवढी जागा मिळत नव्हती. थोडी चूक वेबसाइटची होती आणि थोडी ब्राउझरचीही. शेवटी लिहिलं होतं, ‘आमच्यात रोज मोठ्या अक्षरांत वाचणारं कुणीच नाही. तुम्ही आम्हाला आणखी काही वेबसाइटी बघून द्याल का?’

मी ते ह्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मला वाचता येत होतं, तरी घेतलं.

शनिवारी खाली जायला पाय उचलत नव्हता. गेले. गुजराती काका उठले, आपली खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी ओढली आणि म्हणाले, “बहनजी, इधर रोशनी अच्छी है.” तेवढंच. नर्सने आपला चहा माझ्यापुढे सरकवला. वरच्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, “काकू, आधी का नाही सांगितलंत?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या लॅपटॉपवरची अक्षरं दुप्पट केली. त्या दिवशी सगळ्यांनीच तसं केलं. दोन तासांत सतरा ठिकाणी काही ना काही मोडलेलं सापडलं. कॉलेजच्या मुली तर लहान पोरांसारख्या ओरडत होत्या, “काकू, इथे पण गायब!”

हॉस्पिटलच्या वेबसाइटवाल्यांना मी स्वच्छ मराठीत एक पत्र लिहिलं. महिनाभर उत्तर नाही. मग दोन ओळी आल्या: सूचनेबद्दल आभार, सुधारणा केली आहे. खरंच केली होती. त्याआधीच ब्राउझरची नवी आवृत्ती आली होती आणि ब्राउझरच्या बाजूची चूक त्या इंजिनिअरने काढून टाकली होती. मासेवालीच्या नवऱ्याला पुढची तारीख घ्यायची होती, ती तिने मुर्ध्यात स्वतःच्या ओटीवर बसून, स्वतःच्या मोबाइलवर घेतली. तसं तिने मला रविवारी टोपली उतरवताना सांगितलं, आणि चांगले दहा-बारा बोंबील बाजूला काढून ठेवले.

“हे कशाला?” मी म्हटलं.

“तुला. आन वरच्या पोरीला. आन त्या तिकडल्या बाबाला पन धाड, ज्यानं बटन काढून दिला.”

“अगं, तो फार लांब राहतो.”

“मंग सांग तरी त्याला.”

मी सांगितलं. तक्रार बंद व्हायच्या आधी त्याच पानावर खाली लिहिलं की त्या बाईंनी तुमच्यासाठी ताजी मासळी बाजूला काढली होती, पण ती पाठवता येत नसल्याने आम्ही खाल्ली. त्याने उत्तर दिलं की एवढ्या वर्षांच्या कामात त्याला मासळी कुणी देऊ केली नव्हती. त्याच्यातर्फे त्या बाईंचे मनापासून आभार मानावेत. आणि त्याच्या देशाला समुद्र नाही, तेव्हा ताजी मासळी म्हणजे काय, ते त्याला नीटसं माहीतही नाही.

बुधवारी मी तिला हे मराठीत सांगितलं. तिने कोयता हातातच धरून ठेवला.

“समिंदर न्हाय?” ती म्हणाली. “आख्ख्या देशाला?”

“नाही म्हणतो.”

तिला त्याचं फार वाईट वाटलं. पुढची पाच मिनिटं ती सुरमईच्या तुकड्या पाडत त्याच्याविषयीच विचारत होती: लग्न झालंय का, आई हाय का, थंडी लय असंल का तिकडं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ज्या माणसाचे आपण आभारी आहोत, त्याची एवढीही माहिती आपल्याला नसावी, याचं मला त्या दारात उभ्या उभ्या नवल वाटलं, आणि नांदेडच्या वाचनालयातली ती पुस्तकं आठवून बरंही वाटलं.