निळ्या वस्त्राखालचे सोने

श्री. दिनकरराव सबनीस यांना मी प्रथम भेटले ती २००३ साली, अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात एका मराठी घरी संक्रांतीच्या जेवणात. नागपूरहून मी नुकतीच आले होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली असूनही व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती.

"दिवसभर काय करतेस?" सबनीसकाकांनी विचारले.

"काहीच नाही."

"मग मंगळवारी माझ्याबरोबर म्युझियममध्ये चल. पगार नाही, पण काम आहे. ड्राइव्ह मी करतो."

मोटारींच्या रंगांच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर काका एका कलासंग्रहालयात स्वयंसेवक झाले होते. तिथे जुन्या रंगीत लाकडी मूर्तींची निगा राखली जाई. त्या मंगळवारी टेबलावर पाचशे वर्षांपूर्वीची, जेमतेम दोन वीत उंचीची मेरी होती आणि तिच्या कडेवर बाळ येशू. चर्चसाठी नव्हे, कुणाच्या तरी घरातल्या रोजच्या प्रार्थनेसाठी घडवलेली. बाळाच्या पावलावरचा रंग पार गेला होता. तो भरायचा का, असे मी विचारले.

"नाही," काका म्हणाले. "घरच्यांच्या हातांनी तो गेलाय. आपल्या देवघरातल्या बाळकृष्णाचं नाक झिजतं ना, तसा. ते राहू द्यायचं."

मेरीच्या निळ्या वस्त्राखाली मात्र सोन्याचा वर्ख दिसला होता. निळा रंग नंतर कुणीतरी फासला असणार, असे मानून तो खरवडून काढायचे ठरले. बाहीवर नखाएवढी जागा खरवडूनही झाली होती. काकांनी तिथला मोहरीएवढा कण माझ्याकडून तासून घेतला आणि मायक्रोस्कोपखाली पाहिला. सोने आणि निळा रंग यांच्यामध्ये धुळीचा किंवा काजळीचा कणही नव्हता. म्हणजे दोन्ही थर एकाच कारागिराचे. सोन्यावर निळा रंग देऊन त्याने तो बारीक रेघांनी कोरला होता, आतले सोने चमकावे म्हणून.

काकांनी काम थांबवायला सांगितले. प्रदर्शन तोंडावर आले होते. विभागप्रमुख बाई वैतागून म्हणाल्या, "मिस्टर सबनीस, ही मोटार नाही."

"खरं आहे," काका शांतपणे म्हणाले. "मोटार पुन्हा रंगवता येते."

बाईंनी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. मूर्तीविनाच प्रदर्शन उघडले. कुजबुज झाली, काकांना दोन आठवडे कामावर बोलावलेच नाही. मग अहवाल आला. काकांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले होते. बाईंनी स्वतः फोन करून त्यांची क्षमा मागितली. काकांनी एवढेच सांगितले, "तो कण ज्या मुलीने तासला, तिचं नाव नोंदीत लिहा."

पुढच्या मंगळवारी म्युझियममधून परतताना मी अभिनंदन केले, तर ते म्हणाले, "बाहीवरचं नखाएवढं गेलंच ना. आठवडाभर आधी पाहायला हवं होतं."

त्या नोंदीच्या बळावर मला मूर्तिसंवर्धनाच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला. आज मी त्याच टेबलाशी पगारी काम करते, आणि दिनकररावांची विद्यार्थिनी म्हणून ओळख करून देताना माझी मान ताठ होते.

यंदा काकांनी पंचाहत्तरी गाठली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दहाव्याच दिवशी ते कामावर हजर झाले, तेव्हा काकूंनी दोन दिवस अबोला धरला. काकूंचा असा राग ओढवून घेण्याइतकी धडधाकट प्रकृती काकांना शंभरीपर्यंत लाभो, आणि त्यांचा धाक आम्हा साऱ्यांना दर मंगळवारी वाटत राहो.