तिरक्या दातांचे गिअर

पप्पांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकलला उभी होते. बाहेर येऊन परत लावला, तर ते एवढंच म्हणाले, “ताई गेली. तू आधी आजीकडे जा.” सुनंदाआत्या कामावरून घरी आली, चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. त्याला आता काही आठवडे झाले, तरी भेटणारे लोक विचारतात, गाडीचा अपघात झाला का? मला राग येतो... पण त्यांचंही चुकत नाही. आत्या म्हटलं की सगळ्यांना तिची लाल चारचाकीच आठवते.

आमचं घर मूळचं वारज्याचं, शेतीवालं. आता शेतं राहिली नाहीत, तिथं सोसायट्या आहेत. आत्यानं लग्न केलं नाही. ती आजीबरोबर राहायची आणि खडकीला कारखान्यात नोकरीला जायची, त्याच लाल गाडीनं. आणि हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथंही त्याच गाडीनं. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल पळायचं, पुढे पोचेल तो जिंकला. एवढीच ती ड्रॅग रेस. वळण नाही, घाट नाही. मी एकदा विचारलं होतं की यात गंमत काय. आत्या म्हणाली, “सगळी गंमत गिअर बदलण्यात. तेवढं जमलं की बाकी सगळं गाडी करते.” आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. अर्ज कसा भरायचा हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा आत्या रजा काढून माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली होती. गाडी चालवायलाही तिनंच शिकवलं.

मी बारावीत असताना त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. तिसरा गिअर टाकला की आपोआप बाहेर यायचा. त्याच सुमारास आजीचं डायलिसिस सुरू झालं होतं. आठवड्यातून दोनदा आत्या तिला न्यायची आणि आणायची. पप्पा म्हणाले, आता ऑटोमॅटिक घे, ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून तुझा गुडघा जाईल. आत्या म्हणाली, “मग गाडी कोण चालवणार, मी का ती?” विषय तिथंच संपला.

बिबवेवाडीला फिरोजभाईंचं गॅरेज आहे, ते आत्याची गाडी बघायचे. मी बरोबर होते. त्यांनी आम्हाला दोन गिअर हातात घेऊन दाखवले. एकाचे दात सरळ कापलेले, एकाचे तिरके. सरळ दात जास्त ताकद झेलतात, शर्यतीला तेच चांगले, पण आवाज फार करतात. तिरके दात शांत चालतात, पण दणके कमी सोसतात. फिरोजभाई म्हणाले, “ताई, गाडी पळवायचीय की पाळण्यासारखी झुलवायचीय? एक काय ते ठरवा.” आत्या म्हणाली, “दोन्ही. एकच हवं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?”

तरी शेवटी तिला मोह झालाच. तिनं सरळ दातांचे बसवून घेतले. डायलिसिसहून परत येताना आजी मागच्या सीटवर बसली आणि गाडी कण्हल्यासारखी ओरडू लागली. क्लचही इतका कडक की प्रत्येक सिग्नलला हिसका. आजी घरी येईपर्यंत पांढरी पडली होती. उतरताना एवढंच म्हणाली, “पोरी, गाडीत पिठाची गिरणी कशापायी बसवलीस?” त्या संध्याकाळी पप्पा आत्याशी पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलले. आईला या गाडीत झोप लागली तर शर्यतीचं बघ, नाहीतर ते सगळं बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. आत्याकडे स्वतःचं म्हणावं असं त्या शर्यतींएवढंच होतं, हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

फिरोजभाईंनी पुन्हा सगळं उतरवलं. तिरक्या दातांचे गिअर घेतले. पहिले चार जवळजवळचे, म्हणजे गाडी झपकन उचलेल, आणि पाचवा लांब, म्हणजे रोजच्या रस्त्यावर इंजिन निवांत राहील. क्लच जरा जड, पण हिसका न देणारा. पहिल्या फेरीला मी पुढे बसले होते. आत्यानं आरसा थोडा खाली वळवून घेतला होता, रस्ता कमी आणि आजी जास्त दिसेल असा. कर्वेनगर मागे पडलं तेव्हा आजीचे डोळे मिटले. आत्यानं पाचवा टाकला... टाकलेला कळलासुद्धा नाही.

त्या हिवाळ्यात ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि बॉनेटभर अंतरानं हरली. फिरोजभाई हळहळले, सरळ दात असते तर आपलीच होती. आत्या हेल्मेट काढत म्हणाली, “सरळ दात असते तर मी घरीच असते.” नंतरचे हिवाळेही ती तशीच खेळत राहिली. कधी जिंकली, जास्त वेळा हरली.

ती गेल्यावर पप्पा गाडी विकायचं म्हणत होते. गिऱ्हाईकही बघून गेलं. तोपर्यंत आजीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. परतीच्या पहिल्याच फेरीला मी जपून, हळूहळू चालवत होते. मागून आजीचा आवाज आला, “तिसरा लई लवकर टाकलास. अजून वढती ती.” मी आरशात पाहिलं. तिचे डोळे मिटलेलेच होते. मी विचारलं, आजी, तू झोपली नाहीस?

“झोप कुठली यायची? सुया टोचल्याला हात ठणकतोय. कवाच लागली न्हाय मला गाडीत झोप.”

मग एवढी वर्षं डोळे मिटून का बसायचीस, मी विचारलं.

“ती आरशात बगायची ना,” आजी म्हणाली.

गाडी विकायची नाही, असं मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. का ते सांगितलं नाही. आता मी गिअर चुकीचा टाकला की आजी मागून घसा खाकरते, आणि मी पुन्हा खालचा टाकते. परवा कर्वेनगरपासून घरापर्यंत ती एकदाही खाकरली नाही. दारात गाडी उभी केली तरी डोळे मिटूनच बसली होती. झोप लागली होती का, ते मी विचारलं नाही.