वासंतीचा डावा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वासंतीला तर नाहीच, आणि आमच्या लग्नाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तुम्हाला सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भिवंडीतल्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर बसायचो. फोटो स्कॅन करायचा, माणसाच्या मागचं सगळं काढायचं, तिथं बाग टाकायची. एका सकाळी दिघाशीहून एक काका मुलीला घेऊन आले. कल्याणच्या स्थळाला फोटो पाठवायचा होता, पण तो काढला होता अंगणात. मागे पेंढा आणि म्हैस. दोन्ही घालवा, म्हणाले.

मी घालवली. मुलीच्या मागे नुसत्या पांढऱ्या-करड्या चौकड्या उरल्या. चौकड्या म्हणजे तिथं काहीच नाही, असं मी समजावलं. ती, म्हणजे वासंती, वाकून बघत होती.

"म्हस गेली कुठं आमची? हाय का न्हाय आता?"

आणि अशी हसली, की — काय सांगू? माझा माउसवरचा हात थांबला तो थांबलाच.

फोटो दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. केसांची बट न् बट मी जीव लावून कापली. इतकी सुरेख दिसत होती, की कुणीही हो म्हणालं असतं. मग मी काय केलं? तिचा डावा कान अर्धा पुसला. उरलेला वाकडा केला — चुकून नाही, मुद्दाम. छापून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, काकांना दिलं. त्यांनी विश्वासाने तसंच पोस्टात टाकलं. हा हलकटपणा होता. दुसरा शब्द नाही.

कल्याणहून विचारणा आली, मुलीच्या कानात व्यंग आहे का? काका चिडले, बोलणं तिथंच मोडलं. महिन्याभरात मी आईला घेऊन दिघाशीला गेलो.

संसार छान झाला — खरंच छान. दोन मुली, घरभर हसणं. पण सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या, की त्या वेळी वासंती दोन दिवस आरशासमोर कान चाचपत रडत होती. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

आजही कुणाच्या लग्नाला गेलो, की ती बायकांत बसून रंगवून सांगते, "त्यांनी फोटो बघून नको म्हटलं, ह्यांनी मला बघून हो म्हटलं." सगळ्या कौतुकाने माझ्याकडे बघतात. मी हसतो — आणि मान डोलावतो.