कुठल्या मुख्यमंत्र्यासाठी

आमची मंडळी, म्हणजे आमचा चर्चपंथ, प्रोटेस्टंटांत मोठी, देशभर पसरलेली. शाळा काढल्या, दवाखाने काढले, सगळं खरं. पण आमच्या वडिलांना, आप्पांना, विचाराल तर देशाची खरी चाकरी म्हणजे उपासनेतली देशासाठीची प्रार्थना.

बेळगावच्या आमच्या देवळात सकाळी मराठी उपासना, मग कानडी. मराठीतली ती प्रार्थना कैक वर्षं आप्पांकडं. कागद नाही, काही नाही, डोळे मिटून सुरू. राष्ट्रपती, पंतप्रधान, कॅम्पातले जवान, सगळे यायचे. मुख्यमंत्री मात्र महाराष्ट्राचे! निपाणीत त्यांचे वडीलधारे तसंच मागायचे, तेच जिभेवर बसलेलं. आम्हा मराठी लोकांना ते कधी खटकलंच नाही. नोकरी संपली, आई गेली, तरी या प्रार्थनेच्या जोरावर माणूस तग धरून होता.

मग पंधरा ऑगस्टला दोन्ही उपासना एकत्र झाल्या आणि आप्पांनी सवयीनं तेच नाव घेतलं. कानडी मंडळींतले एक पंच, देवळाच्या कमिटीतले, ताडकन उठले. म्हणाले, "हे देऊळ कुठल्या राज्यात आहे?" कमिटीनं ठरवलं, इथून पुढं प्रार्थना आधी लिहून दाखवायची.

"देवाला अर्ज करायचा व्हय?" एवढंच बोलून आप्पांनी प्रार्थनाच सोडली. मागच्या बाकावर बसू लागले. मला त्या पंचांचा लई राग आला, आणि खरं सांगते, आप्पांचाही. एक नाव बदलायला काय जात होतं? तसं तोंडावर बोललेसुद्धा. अजून जिवाला लागतं ते.

सव्वीस जानेवारीला परत एकत्र उपासना. प्रार्थनेची वेळ झाली, तसे तेच पंच मागं आले आणि आप्पांच्या शेजारी टेकले. हळूच म्हणाले, "आप्पा, माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागली. एकटी राहते. आता तिच्यावर महाराष्ट्राचंच सरकार. तुम्ही उठा. कागद नको."

आप्पा उठले. दोन्ही मुख्यमंत्री घेतले, आधी कर्नाटकचे.

"आणि प्रभू," ते म्हणाले, "परमुलखात गेलेल्या आमच्या लेकीला सांभाळ."

जन्मभर ज्या मुलखाला आपला म्हटलं, त्याला आप्पांनी त्या बापासाठी परका म्हटलं. एक नाव बदलायला काय जातं, ते मला तेव्हा कळलं.