पूजा झालेलं मशीन

तिचं नाव मला कधीच कळलं नाही. गिरण्या बंद पडल्या त्याच सुमारास, मुलुंडच्या आमच्या स्टॉपसमोरच्या कंपनीच्या जर्मन मालकांनी तिकडे बसून कपात ठरवली आणि इकडचं एक खातं बंद केलं. मशीन न्यायला ट्रक आला तो नेमका खंडेनवमीला. मशीन ट्रकमध्ये चढवलं, तशी त्या खात्यातली ही कामगार बाई साडी खोचून सरळ ट्रकवर चढली. तिने पदराने मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

"ओ बाई, खाली उतरा!" मॅनेजर ओरडला.

"पूजा झालेलं मशीन आज हलवत नाहीत. कळवा जर्मनीला."

ड्रायव्हरने चपला काढून हात जोडले आणि चावी खिशात टाकली. माझी बस आली, मी सोडली.

"ठीक आहे, उद्या नेतो," मॅनेजर म्हणाला.

"उद्या दसरा. उद्या ट्रकची पूजा."