बंदूक मोडेना

बंदूक घेण्याआधी बायकोला विचारायचं असतं, हे मला बंदूक घेऊन घरी आल्यावर कळलं.

तशी ती फार मोठी बंदूक नव्हती. एअर रायफल. आत दारू नाही, गोळी नाही. स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबली जाते आणि शिशाचा चिमुकला छर्रा उडतो. कागदावरच्या गोलांवर नेम धरायचा, एवढाच खेळ. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. केसाएवढी चूक पकडणाऱ्या माणसाचा नेम उपजतच चांगला असणार, असं माझं मत होतं. (हे मत फक्त माझंच होतं.) म्हणून कंपनीजवळच्या शूटिंग रेंजवर मी नाव घातलं.

तिथले भोईर सर मोजकं बोलणारे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, स्वतःची बंदूक घ्यायची झाली तर कुठली घ्यावी?"

"पॉइंट वन सेव्हन सेव्हनची. त्याहून मोठा छर्रा नको. वजनाला हलकी, खांद्याला नीट बसेल अशी. आणि दुर्बीण नको."

"दुर्बीण का नको?"

"आधी साध्या माशीवर नेम धरायला शिका." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटासा उंचवटा.

"आणि समजा, जरा मोठी घेतली तर?"

"तर तुम्ही तिला नाही, ती तुम्हाला चालवेल," सर म्हणाले आणि निघून गेले.

शुक्रवारी आमच्या कंपनीला सुट्टी. मी मेहुण्याला, प्रमोदला, सोबत घेऊन उल्हासनगर गाठलं. प्रमोदला बंदुकीतलं काही कळत नाही, पण त्याला कशातलंच काही कळत नसल्यामुळे तो सगळ्यातच सल्ला देतो.

दुकानदार सिंधी शेठ, बोलायला गोड. "पहली बार है साईं? तो ये लो," म्हणत त्यांनी लाकडी दस्त्याची एक सडपातळ रायफल हातात दिली. खांद्याला लावली तर माझं माप घेऊन बनवल्यासारखी बसली! मी "पॅक करा" म्हणणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, "एकदम हल्की है. लेडीज लोग, बच्चे, सब चलाते हैं."

त्या एका वाक्यानं घात केला.

"दाजी, ती बघा," प्रमोद कुजबुजला. वरच्या फळीवर एक काळी, जाडजूड, दुर्बीण लावलेली रायफल आडवी पसरली होती. "याला म्हणतात बंदूक! ही लाकडी काय, जत्रेत फुगे फोडायची."

"वो भारी है साईं. स्प्रिंग बहुत कड़क है," शेठ म्हणाले.

"कडक म्हणजे चांगलीच ना!" प्रमोद म्हणाला.

ही बंदूक कशी भरतात ते सांगायला हवं. नळी बंदुकीच्या मधोमध असलेल्या बिजागरीवर मोडायची, खाली पार दाबायची, म्हणजे आतली स्प्रिंग आवळली जाते. मग छर्रा घालून नळी सरळ करायची. याला 'बंदूक मोडणं' म्हणतात. दुकानातल्या माणसानं ती काळी बंदूक मांडीवर ठेवून शेवग्याच्या शेंगेसारखी मोडून दाखवली. मला वाटलं, त्यात काय! छर्रा दोन्हींचा सारखाच होता. म्हणजे सरांचं एक तरी ऐकतोय, अशी मनाची समजूत घालून मी काळी बंदूक घेतली.

बदलापूरला, खरवईतल्या आमच्या बिल्डिंगच्या दारातच तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू भेटल्या. माझ्या खांद्यावरचं लांबलचक खोकं बघून म्हणाल्या, "काय ओ, पडद्याचा रॉड आणलात का?"

रॉडच आहे म्हणालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी छाती काढून म्हणालो, "बंदूक!"

वर सुनंदानं खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, परवा सोनावणे मंडळी येतायत. लक्षात आहे ना?"

होतं की! आमची प्राजक्ता आणि सोनावण्यांचा अनिकेत ठाण्याला एकाच ऑफिसात. दोघांनी परस्पर जमवलेलं होतं; फक्त दोन्ही घरांची रीतसर भेट राहिली होती. अनिकेतचे वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, राहायला विठ्ठलवाडीला.

"पप्पा," प्राजक्ता हात जोडून म्हणाली, "ते साधे लोक आहेत. त्यांना आधीच आपलं टेन्शन आलंय. प्लीज, रविवारी नॉर्मल वागा."

मी नॉर्मलच वागणार होतो. पण मध्ये शनिवार होता.

शनिवारी कामावरून सुटल्यावर रेंजवर मी ती बंदूक मोडायला गेलो. ती मोडेना. गुडघ्यावर घेतली, मांडीत धरली, दात-ओठ खाल्ले. शेवटी भोईर सरांनी ती एका झटक्यात मोडून, भरून माझ्या हातात दिली. "डोळा दुर्बिणीपासून चार बोटं लांब," एवढंच म्हणाले. पण चार बोटं लांबून मला नुसतं काळं दिसत होतं! मी डोळा जवळ नेला. आणखी जवळ नेला. मग चाप ओढला.

छर्रा कुठे गेला ते आजही कुणाला माहीत नाही. दुर्बीण मात्र थेट माझ्या डोळ्यावर आली.

रविवारी पाहुण्यांसाठी मी रजा काढली होती. सकाळी उजवा डोळा सुजून वांग्याच्या रंगाचा झाला होता. सुनंदानं आधी माझे काळे गॉगल काढले. ते लावून मी बाहेर आलो तर प्राजक्ता किंचाळली, "काढा ते! वसुलीला आल्यासारखे दिसताय!" मग मायलेकींनी मिळून पावडर थापली. वांग्याचा रंग गेला, ओल्या सिमेंटचा आला.

तेवढ्यात पाहुणे आले. आले ते अवघडूनच आले. का, ते नंतर अनिकेतनं सांगितलं. खाली त्यांनी विचारलं होतं, "गायकवाड कुठे राहतात?" आणि म्हात्रेकाकूंनी उलट विचारलं होतं, "कुठले? बंदूकवाले का?"

जयभीम झाला. पाणी झालं. अनिकेतची आई सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, उठून पळायला सोपं जावं अशी.

"भाऊंच्या डोळ्याला काय झालं?" तिनं हळूच विचारलं.

"काही नाही, बंदुकीचं," सुनंदा सहज म्हणाली आणि वडे तळायला आत गेली!

सोनावणे एकदम ताठ झाले. मुलांकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाल्कनीत जा." मग माझ्याकडे सरकले. "भाऊ, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. काही जमिनीचं भांडण? कोणाशी दुश्मनी?"

"छे हो! खेळायची आहे ती! थांबा, दाखवतोच."

आता हा काही दाखवायचा प्रसंग नव्हता. पण चांदी काळवंडली तर घासूनच दाखवावी लागते, या भावनेनं मी कपाटातून बंदूक काढली. छर्रे आत कुलपातच ठेवले. "ही बघा, रिकामी. ही अशी मोडायची," म्हणत मी नळी धरून दाबली.

ती अर्ध्यावर आली आणि थांबली. पुढेही जाईना, मागेही घेता येईना. सोडली तर फटकन उलटून हात फुटायचा.

"मोडत नाही का?" सोनावण्यांनी विचारलं.

"जरा कडक आहे," मी घामाघूम होत म्हणालो.

गाडीचं स्टिअरिंग उभा जन्म पेललेला माणूस तो. त्यांना राहवेना. "थांबा, तुम्ही तिकडून धरा. मी इकडून दाबतो." त्यांनी बाह्या सरसावल्या. "हां, लावा जोर! मोडा!"

"मोडतोय! तुम्हीही मोडा!"

"आज मोडल्याशिवाय उठायचं नाही!"

"सोडू नका, सोनावणे! मोडूनच टाकू!"

सोफा सरकला. टीपॉय कलंडला. आणि नेमकं तेव्हा, कोथिंबीर द्यायच्या निमित्तानं वर आलेल्या म्हात्रेकाकूंनी आमच्या लोटलेल्या दारामागून हे सगळं ऐकलं.

"अगं बाई! लग्न मोडतायत ओ!" काकूंचा आवाज पार चौथ्या मजल्यापर्यंत गेला. त्यांनी दार ढकललं, तर दोन व्याही एका बंदुकीला झोंबलेले! "अहो धावा! मोडलं तर मोडू द्या, पण जीव नका घेऊ!"

बाल्कनीतून प्राजक्ता रडतच आत आली. "पप्पा, तुम्ही काय बोललात त्यांना? का मोडताय?"

"बाबा, सोडा ती!" अनिकेत ओरडला.

"सोडू कशी? हात फुटेल!" सोनावणे ओरडले. "तू इकडे ये आणि मोडायला मदत कर!"

"मी नाही मोडणार!" अनिकेतनं प्राजक्ताचा हात घट्ट धरला. "काहीही झालं तरी नाही मोडणार!"

खट्‌! बंदूक मोडली.

दारात अर्धी बिल्डिंग उभी. सोनावण्यांनी घाम पुसला आणि मुलाकडे बघून म्हणाले, "अरे, बंदूक मोडत होतो. लग्न कोण मोडतंय?"

पहिली हसली ती अनिकेतची आई. इतकी हसली, की सोफ्याच्या कडेवर बसलेली होती ती खालीच घसरली. मग सुनंदानं तळलेले वडे पाहुण्यांबरोबर सगळ्या बिल्डिंगला वाटावे लागले. त्या गर्दीतच कुणीतरी साखर आणली आणि तारीखही तेव्हाच ठरली. म्हात्रेकाकू आजही सांगतात, "मी मध्ये पडले म्हणून जुळलं."

पुढच्या शुक्रवारी ती काळी बंदूक बदलून घ्यायला मी एकटा उल्हासनगरला गेलो. शेठनी माझा डोळा बघितला आणि लाकडी दस्त्याची ती हलकी रायफल आपणहून पुढे केली.

आता मी दर शनिवारी तीच चालवतो. लहान मुलालाही जमेल इतकी सहज मोडते, खांद्याला नीट बसते. गेल्या आठवड्यात सलग दहा छर्रे मारले आणि ऐटीत कागद आणायला गेलो, तर माझा कागद कोरा! शेजारच्या लेनमधल्या बाईंच्या कागदावर मात्र त्यांनी मारले त्याच्या दुप्पट भोकं, तीही बरोबर मधल्या गोलात.

भोईर सरांनी दोन्ही कागद बराच वेळ निरखून पाहिले.

"गायकवाड, नेम चांगला आहे," ते म्हणाले. "आता फक्त स्वतःच्या कागदावर धरत चला."