दोकाची कारबाईन

सरकारी कागदावर येवदोकियाच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलंय. तो कागद बघितला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सैबेरियातल्या आम्हा एवेंकी लोकांच्या छावणीत रेनडिअरचा सगळा कळप या येवदोकियानं, आमच्या दोकानं, राखलाय, आणि प्रत्येक हिवाळा भीत भीत काढलाय. ती भीती ती लपवतही नाही.

त्यांच्याकडे दोन बंदुका. नवऱ्याची, स्पिरिदोनची, जुनी लांब रायफल; दर गोळीला बोल्ट मागेपुढे ओढायचा. दोकाची आखूड कारबाईन. चाप दाबला की गोळी, पुन्हा दाबला की पुन्हा. एकदा दोघांनी ओंडक्यावर पैज लावली. रायफलची भोकं तळहाताखाली झाकली गेली. कारबाईनची थाळीभर पसरली.

"बंदूक आहे की चाळण गं?" स्पिरिदोन खिदळला.

"तुझी रायफल न थरथरणाऱ्या हातांची. माझे थरथरतात, म्हाताऱ्या. मला दुसरी गोळी लगेच पाहिजे."

एका हिवाळ्यात घसरगाडी उलटून स्पिरिदोनचा पाय मोडला. त्याचा भाऊ मदत आणायला गावाकडे गेला आणि त्याच दुपारी कळप उधळला. बिळात न झोपलेलं, हाडं वर आलेलं अस्वल. आम्ही त्याचं नाव घेत नाही, आजोबा म्हणतो. उपाशी आजोबा माणसाला भीत नाहीत.

बंदुका आम्ही बाहेरच टांगतो. तंबूच्या उबेत लोखंडाला घाम फुटतो आणि बाहेर नेलं की तो गोठतो. हे कुणाला सांगावं लागत नाही. पण नवऱ्याला धीर म्हणून दोकानंच रायफल त्याच्या उशाशी ठेवली होती. तीच रायफल उचलून दोका बाहेर धावली, लाकडांच्या ढिगाआड बसली, आजोबा मोकळ्यावर यायची वाट बघत राहिली. आले तेव्हा बोल्ट हलेना.

तिनं झाडावरची कारबाईन काढली. ओढ्यापलीकडचा नेम रायफलनं छातीत बसला असता. कारबाईनची गोळी पायात बसली, पोटात बसली, तर? चिडलेले आजोबा सरळ तंबूत शिरतील. आत चालता न येणारा माणूस. म्हणजे त्यांना जवळ येऊ द्यायचं.

"दोका, मार की!" आतून स्पिरिदोन ओरडला.

"गप्प पड!"

आजोबा ओढा उतरले. तिचे दात वाजत होते.

"जा ना, आजोबा," ती पुटपुटली. "इथे नुसती हाडं आहेत. तीही मोडकी."

ते तंबूसमोरच्या घसरगाडीपाशी आले. श्वासाची वाफ दिसली, वास आला. मग तिनं चाप दाबला. खांदा. पुन्हा दाबला. मान. पुन्हा, पुन्हा.

सगळं शांत झालं.

"दोका? अगं दोका, बोल!"

ती बोलेना. आजोबांना पाडल्यावर माणसाची भाषा चालत नाही. आधी कावळ्यासारखं ओरडायचं, म्हणजे त्यांच्या आत्म्याला वाटावं, हे माणसांनी नाही, कावळ्यांनी केलं. पण घसा कोरडा पडलेला. आत तो कण्हत, सरपटत दाराकडे निघाल्याचं तिला ऐकू येत होतं.

अखेर आवाज फुटला. "क्राव! क्राव!"

सरपटणं थांबलं. आणि तंबूतून, रडवेल्या आवाजात, दुसरा कावळा ओरडला.